रग्बी लीग : खेळाचे नियम व त्यांमागील कारणपरंपरा

कोणत्याही खेळाचे नियम प्रथमदर्शनी यदृच्छेने ठरविल्यासारखे वाटतात. रग्बी लीगमध्ये संघात तेराच खेळाडू का असतात, पकडला गेलेला खेळाडू चेंडू पायाने मागे का सारतो आणि सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन का करावा लागतो, हे केवळ नियमावली वाचून उमगत नाही. या नियमांची संगती लागते ती त्यांच्या इतिहासातून. आणि त्या इतिहासाच्या मुळाशी मजुरीचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर व लँकशायर या परगण्यांत रग्बी हा गिरणी व खाण-कामगारांचा आवडता खेळ झाला होता. शनिवारच्या सामन्यासाठी कामावरून सुटावे तर तेवढ्या वेळाची मजुरी बुडत असे. ती क्लबाने भरून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळासाठी पैसा घेतल्याने हौशी वृत्तीला बाध येतो, असे मानणाऱ्या रग्बी फुटबॉल युनियनने १८९३ मध्ये ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. हे तत्त्व सुस्थितीतील खेळाडूंना परवडणारे होते. हातावर पोट असलेल्या कामगाराला मात्र ते मैदानाबाहेर ठेवणारे होते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी ‘नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली व बुडीत मजुरीदाखल दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत रक्कम देण्यास मान्यता दिली. हीच संस्था १९२२ पासून ‘रग्बी फुटबॉल लीग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मोबदल्याचा व दुखापतीच्या भरपाईचा असाच प्रश्न १९०७ मध्ये सिडनीत उपस्थित झाला आणि पुढील वर्षापासून तेथेही या खेळाच्या स्पर्धा सुरू झाल्या.

मजुरी द्यावयाची तर पैसा हवा. आणि तो तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाकडूनच मिळणार. त्या प्रेक्षकाला चेंडू दिसला पाहिजे, खेळ वाहता राहिला पाहिजे. या एका गरजेतून जुन्या खेळातील नियम क्रमाने बदलत गेले. बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधोमध फेकण्याची ‘लाइन-आउट’ ही पद्धत १८९७ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी सर्व प्रकारच्या गोलांचे मूल्य दोन गुणांवर आणले गेले. त्यामुळे तीन गुणांचा ‘ट्राय’ श्रेष्ठ ठरला व लाथाडण्यापेक्षा धावण्याला महत्त्व आले. १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरा करण्यात आली. दोन माणसे कमी झाल्याने मैदानात तेवढी मोकळी जागा निर्माण झाली.

आजच्या खेळाची मांडणी साधी आहे. दोन्ही टोकांच्या गोलरेषांमध्ये सुमारे १०० मीटर अंतर असते. सामना ८० मिनिटांचा असून त्याचे ४० मिनिटांचे दोन भाग पडतात. तेरांपैकी सहा आघाडीचे व सात पिछाडीचे खेळाडू असतात. अंडाकृती चेंडू घेऊन धावावे, तो लाथाडावा किंवा साथीदाराकडे फेकावा. परंतु हाताने तो पुढच्या दिशेस फेकता येत नाही. म्हणजे पुढे जावयाचे, पण चेंडू द्यावयाचा तो बाजूला अथवा मागे. खेळातील सारे कौशल्य या विरोधाभासावर उभे आहे.

ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच पकडता येते. येथे कबड्डीशी तुलना उपयुक्त ठरेल. कबड्डीत चढाई करणारा पकडला जाऊन आपल्या अंगणात परतू शकला नाही, की त्याची चढाई संपते. रग्बी लीगमध्ये मात्र पकड हा चढाईचा शेवट नसून तिच्यातील एक विराम होय. पूर्वी अशा प्रसंगी दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून ‘स्क्रम’ करीत, चेंडू त्या गर्दीत दिसेनासा होई व खेळ खोळंबे. १९०६ मध्येच त्यावर ‘प्ले-द-बॉल’ हा उपाय योजला गेला. पकडलेला खेळाडू उठून उभा राहतो, प्रतिपक्षाच्या गोलरेषेकडे तोंड करतो, चेंडू जमिनीवर ठेवतो व पायाने मागे सारतो. मागचा साथीदार तो उचलतो आणि चढाई पुन्हा सुरू होते. या वेळी बचाव करणाऱ्यांपैकी फार तर दोघांना समोर उभे राहता येते. इतरांनी दहा मीटर मागे हटले पाहिजे.

या उपायातून नवी अडचण उद्भवली. पकडींना मर्यादा नसल्याने बलवान संघ चेंडू दीर्घकाळ आपल्याकडेच राखू लागला. सिडनीच्या सेंट जॉर्ज संघाने १९५६ ते १९६६ या काळात सलग अकरा विजेतेपदे मिळविली, ती या अमर्याद पकडींच्या युगात. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये व पुढील वर्षी ऑस्ट्रेलियात चार पकडींची मर्यादा आली. परंतु ती फार तोकडी ठरून खेळ घाईचा झाला, म्हणून १९७०च्या दशकाच्या आरंभी ती सहांवर नेण्यात आली. सहावी पकड झाली की चेंडू त्याच जागी प्रतिपक्षाला द्यावा लागतो, हा नियम १९८३ चा. तत्पूर्वी तेथे स्क्रम होत असे. म्हणून पाचव्या पकडीनंतर संघ बहुधा चेंडू दूर लाथाडतो. चेंडू जाणारच असेल, तर तो आपल्या गोलरेषेपासून शक्य तितक्या लांब जावा, हा त्यातील हिशेब. नवख्या प्रेक्षकाने पकडी मोजावयास शिकावे. खेळाचा अर्धा अर्थ तेथेच उलगडतो.

गुणपद्धतीही याच हेतूला धरून आहे. गोलरेषेपलीकडे चेंडू हाताने जमिनीला टेकविला, की ट्राय होतो; १९८३ पासून त्याचे चार गुण मिळतात. त्यानंतर उभ्या खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू लाथाडल्यास आणखी दोन गुण मिळतात. दंडादाखल मिळालेल्या गोलाचे दोन, तर चालू खेळात चेंडू टप्पा पाडून मारलेल्या गोलाचा सामान्यतः एकच गुण असतो. चेंडू हातून पुढे निसटल्यास सहसा प्रतिपक्षाला स्क्रममध्ये चेंडू टाकण्याचा अधिकार मिळतो.

ज्या पंधरा खेळाडूंच्या मूळ खेळातून ही शाखा फुटली, त्या रग्बी युनियननेही ऑगस्ट १९९५ मध्ये हौशीपणाचा निर्बंध उठविला. फुटीला त्या वेळी शंभर वर्षे पूर्ण होत होती. मजुरीचा वाद संपला. तरीही दोन्ही खेळ एक झाले नाहीत. पकडीनंतर काय व्हावे, या प्रश्नाला दोघांनी दिलेली उत्तरे तोवर इतकी भिन्न झाली होती की त्यांतून दोन स्वतंत्र खेळच सिद्ध झाले होते. कारण नाहीसे झाले, तरी त्याने घडविलेले नियम टिकून राहतात. सहा शिलिंगांचा तो प्रश्न आज कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक सामन्यात तेरा खेळाडू खेळून दाखवीत असतात.