तांब्यावरचा पाऊस

निसर्गचित्र म्हटले की आपल्याला जलरंग आठवतात. पण सुई आणि आम्ल घेऊनही पाऊस काढता येतो. रेम्ब्रँट या डच चित्रकाराने १६४३ साली तो काढला. ‘तीन झाडे’ हे त्याचे चित्र जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटरचे, वहीच्या पानाएवढे.

या पद्धतीला मराठीत अम्लरेखन असा शब्द आहे. चित्रकार मंडळी सरळ एचिंगच म्हणतात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या. लेप निघतो तिथे तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात बुडवला की तेवढ्याच रेघा आम्ल खाते. मग लेप काढून खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. चित्र उमटते ते उलटे. रेम्ब्रँटने काढलेले ॲमस्टरडॅम शहर असेच आरशातले आहे. त्याची त्याला फिकीर नसावी!

श्रोतेहो, निसर्गचित्राला हे माध्यम मानवले ते, मला वाटते, अंतरामुळे. रेघेचा गडदपणा इथे हाताच्या जोरावर ठरत नाही, ती आम्लात किती वेळ राहिली यावर ठरतो. क्षितिजावरच्या रेघा लवकर वार्निशने झाकायच्या, पुढची झुडपे आम्लातच राहू द्यायची. दूर आणि जवळ मोजायचे ते वेळेत.

‘तीन झाडे’मध्ये डावीकडे पावसाच्या तिरप्या सरी, पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. या चित्रात काही रेघा आम्लाशिवाय, थेट तांब्यावर कोरलेल्या आहेत. झाडांमागचा उजेड मात्र निव्वळ कोरा कागद. नीट पाहिले तर डावीकडे गळ टाकून बसलेला माणूस दिसतो, आणि उजव्या कोपऱ्यातल्या काळ्या झुडपात एक प्रेमी जोडपे.

कागदावरचा शब्द आम्ही कवी एका फटक्यात खोडतो. तांब्यावरची रेघ मिटवायची तर पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करावा लागतो. हर्क्युलिस सेगर्स हा रेम्ब्रँटच्या आधीचा विलक्षण निसर्गचित्रकार. एकच पत्रा तो वेगवेगळ्या रंगांत, कधी कापडावरही छापी. त्याचा एक पत्रा पुढे रेम्ब्रँटच्या हाती आला. त्यावर टोबायस आणि देवदूत होते. १६५३च्या सुमारास रेम्ब्रँटने ते दोघे घासून काढले आणि तिथे इजिप्तकडे निघालेले मेरी, जोसेफ आणि बाळ येशू आणले. सेगर्सचा निसर्ग बहुतेक तसाच ठेवला. देवदूत मात्र पुरता गेला नाही. त्याच्या पंखाच्या रेघा झाडीत अजून दिसतात.