कामगार वस्तीतील बाळंतीण आणि तिचे बाळ

पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड व भोसरीचा परिसर कारखान्यांनी गजबजून गेला आणि पुढे ही वाढ खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली अनेक कुटुंबे येथे चाळींतून आणि पत्र्याच्या खोल्यांतून राहतात. माहेरून तान्हे मूल घेऊन परतलेल्या स्त्रीजवळ पुष्कळदा ना आई असते, ना सासू. अशा बाळंतिणीस योग्य सल्ला मिळणे हा म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

पहिला तास

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 88.6 टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण केवळ 41.8 टक्के होते. प्रसूती रुग्णालयात झाली म्हणजे सर्व साधले असे नव्हे, हाच याचा अर्थ होय. पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट, पिवळसर चीक कित्येक घरांत आजही पिळून टाकला जातो. वास्तविक त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात; तो बाळाच्या मुखी गेलाच पाहिजे. मध, साखरपाणी वा गुटी देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीदेखील नको. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत व पुढेही स्तनपान चालू ठेवावे.

दूध पुरते की नाही?

“दूध पुरत नाही” ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते. वरच्या दुधाची बाटली आली की चोखणे घटते आणि दूधही आटू लागते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा वा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. टँकरच्या पाण्यात कालवलेली, काटकसरीने पातळ केलेली दुधाची भुकटी मात्र अतिसार व कुपोषण या दोहोंना निमंत्रण देते. बालान्न व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीस 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती याच कारणासाठी.

बाळंतिणीने डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडी, दूध असा चौरस आहार नेहमीपेक्षा अधिक घ्यावा; पथ्याच्या नावाखाली तिला उपाशी ठेवू नये. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्याव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेक घेणे विषारी वायूमुळे जीवघेणे ठरू शकते. बाळाला ऊब देण्यास आईच्या उघड्या छातीचा स्पर्श हे सर्वांत सोपे साधन आहे.

रजा आणि पाळी

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवडे झाली; या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही समाविष्ट आहेत. यांतील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. तसे केल्यास नंतर अठराच आठवडे उरतात आणि सहा महिन्यांचे निव्वळ स्तनपान पूर्ण होण्याआधीच माता कामावर रुजू होते. म्हणून तिने दूध स्वच्छ हातांनी काढून झाकणाच्या भांड्यात ठेवावे. खोलीच्या तापमानात ते चार तास व शीतकपाटात एक दिवस टिकते. ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटली किंवा बोंडले यांची स्वच्छता कठीण असते. पाळीवरून आल्यावर व रात्री अंगावर पाजल्याने दूध टिकून राहते.

मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोन स्तनपान-विराम आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, हा मातेचा हक्क आहे. कंत्राटदारामार्फत कामावर असलेली स्त्रीही रजेच्या लाभास पात्र ठरू शकते. मात्र तिला हे कोणी सांगितलेले नसते.

धोक्याची चिन्हे

बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, अंग थंड वा तापलेले लागते, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक होतो, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे पडतात, नाळेतून पू येतो. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. आईला ताप, अति रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यासही तसेच करावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. स्तनात गाठ होऊन दुखू लागल्यास उपचार घ्यावेत, पण पाजणे थांबवू नये.

आपले कर्तव्य

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा तेथील नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. आज रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्तीने 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी जावे, असा दंडक आहे. परंतु भाडेकरूचे नाव गावाच्या यादीत नसेल, तर ती जाणार कोणाकडे? ग्रामपंचायतींनी चाळमालकांच्या साहाय्याने गरोदर व स्तनदा मातांची नोंद अद्ययावत ठेवावी, शिक्षकांनी पालकसभेत हे विषय मांडावेत आणि अधिकाऱ्यांनी पाळणाघरे प्रत्यक्ष चालतात की नाही हे पाहावे. जे गडचिरोलीच्या दुर्गम खेड्यांत साधले, ते पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या गावांत साधणे अशक्य नाही.