वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा आमच्या नांदगावच्या गटात सगळ्या बायकांचा एकच प्रश्न होता: आपलीच वस्तू आपल्याला तीन वर्षांसाठी उसनी कशी?

ही वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची आहेत. तिथल्या १९८३ च्या कायद्यामुळे संग्रहालयाला आपल्या वस्तू सहसा कायमच्या देऊन टाकता येत नाहीत. उसन्या देता येतात.

पण परत मागायची तर आधी वस्तू कुणाची, कुणी नेली, कशी नेली, हे कळायला हवं. ते शोधण्यासाठी परदेशातली काही संग्रहालयं आणि विद्यापीठं फेलोशिप देतात. फेलोशिप म्हणजे ठरावीक महिने अभ्यास करण्यासाठी मिळणारं मानधन. ज्या देशातून वस्तू गेली तिथल्या अभ्यासकांनाही त्यात घेतात. दिल्लीचा नेहरू ट्रस्ट याच संग्रहालयातल्या भारतीय वस्तूंच्या अभ्यासासाठी आपल्या लोकांना मदत देत आला आहे.

आता इथलंच माणूस कशाला हवं? त्यासाठी वाघनखांची पेटीच बघा. जेम्स ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी १८१८ मध्ये साताऱ्याला नेमला गेला. पुढे त्याच्या घराण्याकडून ही नखं संग्रहालयात गेली. पेटीवर इंग्रजीत लिहिलंय, की शिवाजी महाराजांनी यांनी मोगल सेनापतीला मारलं आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली. अगो बाई, अफझलखान मोगलांचा कधी होता? तो विजापूरच्या आदिलशाहीचा, हे आपली चौथीतली पोरंही सांगतील. आणि पेशवा हाच मुळात छत्रपतींचा प्रधान!

एवढ्यावरून नखं खोटी ठरत नाहीत. पण हीच ती, हे पडताळता आलेलं नाही, असं संग्रहालयही सांगतं. डफने स्वतः १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्याला हा फरक ठाऊक असणार. मग तो मजकूर कुणी लिहिला, कधी लिहिला? आम्हाला तर नखांपेक्षा हाच प्रश्न मोठा वाटतो.

याचं अर्धं उत्तर तिकडच्या कागदांत असेल, तर अर्धं इकडच्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद ढिगाने आहेत, वाचणारे थोडे. शासनाचं पुराभिलेख खातं मोडीचं प्रशिक्षण देतं. गटातल्या शिकलेल्या मुलींनी त्याची चौकशी जरूर करावी.

आणि आपल्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आपल्याकडची दमट हवा आणि वाळवी त्यांची वैरी. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, मोबाईलवर फोटो काढा, आणि कागद कुठल्या घरातला, कुणाकडून आला, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.