दारू सोडणाऱ्या बांधवासाठी सभा शोधताना



पाड्यावरच्या एखाद्या बांधवाने दारू सोडायचे ठरवले की आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो, आणि रविवारी तो उपासनेला आला की आपल्याला धन्यता वाटते. सोमवार ते शनिवार मात्र तो एकटा असतो. ज्याने स्वतः दारू सोडली आहे अशा माणसाशी बोलायची गरज त्याला याच दिवसांत असते. त्यासाठीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए. ए. च्या सभा आहेत.

या चळवळीची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन गावी झाली. बिल विल्सन हा गृहस्थ नुकताच दारूतून बाहेर आला होता. परगावी हॉटेलात एकटा असताना पिण्याची ओढ अनावर झाली, तेव्हा त्याने तिथल्या चर्चच्या यादीतून एका पाळकांना फोन केला आणि एखाद्या दारुड्याशी माझी गाठ घालून द्या, अशी विनंती केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्या पाळकांनी प्रवचन दिले नाही, पुढचा दुवा दिला. आपल्यालाही बहुतेक वेळा एवढेच करायचे असते.

पण सभेच्या आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवले तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना झटके येतात, भास होतात. पहिले तीन-चार दिवस फार धोक्याचे असतात. अशा वेळी त्याला उपास-प्रार्थनेसाठी घरात बसवून ठेवणे जिवावर बेतू शकते. सरकारी दवाखान्यात न्यावे. 14446 या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेत फक्त ज्यांना पिणे थांबवायचे आहे तेच बसतात. खुल्या सभेत घरचे लोक, पाळक, कार्यकर्ते कोणीही येऊन ऐकू शकतात. पहिल्यांदा जाताना खुली सभा निवडावी आणि आपण सोबत जावे. फी नाही, फॉर्म नाही. पिणे थांबवण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकच अट. तिथे कोणी उलटतपासणी घेत नाही. नवख्याने काही न बोलता नुसते ऐकले तरी चालते.

आता योग्य सभा कोणती? भाषा हा पहिला प्रश्न. मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या सभा असतात. आपला बांधव घरी वारली किंवा भिली बोलत असेल तर मराठीही त्याच्यासाठी दुसरीच भाषा. इंग्रजी सभेत त्याला बसवण्यात काही अर्थ नाही. दुसरे, एसटी. सभा संपल्यावर परतीची गाडी मिळत नसेल तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. लग्नात, सणात मोहाची दारू पुढे केली जाते आणि नाही म्हटले तर पाहुण्याचा अपमान होतो. ही अडचण शहरातल्या कारकुनाला नीट कळत नाही. गावाकडून आलेला एखादा जुना सभासद ज्या गटात आहे, तो गट थोडा लांब असला तरी बरा. पुढे असाच अनुभवी सभासद त्याचा स्पॉन्सर, म्हणजे वाटाड्या होऊ शकतो. बहिणींसाठी स्पॉन्सर स्त्रीच असावी असा सल्ला दिला जातो.

एक सभा आवडली नाही म्हणून मार्ग चुकीचा ठरत नाही. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. चार-सहा सभा पाहून मग ठरवावे. जिथे जवळपास गटच नाही तिथे फोनवरच्या ऑनलाइन सभा आहेत, अर्थात पाड्यावर रेंज मिळाली तर! बायको-मुलांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत, 1951 साली सुरू झालेले. नवरा सभेला जायला तयार नसला तरी तिने जाण्यास काहीच हरकत नाही.

तिथे देवाचे नाव प्रत्येकाच्या समजुतीप्रमाणे घेतात, आमच्या माणसाने जावे का, असे काही मंडळीतले लोक विचारतात. ए. ए. कोणत्याही पंथाशी जोडलेली नाही आणि कोणाचा विश्वास बदलू पाहत नाही. आम्हांला त्यात अडचण वाटत नाही. आपल्या सवयीची एक गोष्ट मात्र आवरावी लागेल, ती म्हणजे साक्ष. महिनाभर न प्यालेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करून आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या महिन्यात तो घसरला तर लाजेने मंडळीत आणि सभेत दोन्हीकडे येणे सोडतो. नाव गुप्त ठेवण्याची ए. ए. ची रीत इथे त्याला सांभाळते. सभेत ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही. जिथे प्रभुभोजनात द्राक्षारस मद्ययुक्त असतो, तिथे पाळकांनी त्याच्याशी आधीच खाजगीत बोलून घ्यावे.

आणि एखाद्या गटाने आपल्या हॉलची मागणी केली तर? द्यावा. बाहेरची देणगी न घेता स्वतःच्या वर्गणीवर चालणे हा त्यांचा नियम आहे, म्हणून ते थोडे भाडे देऊ करतील. ते नाकारू नये. फलकावर तो मंडळीचा कार्यक्रम म्हणून लावू नये. चावी कोणाकडे राहील हे मात्र पक्के ठरवावे, कारण ठरल्या वारी दार बंद दिसले तर पहिल्यांदाच आलेला माणूस बाहेरूनच परत जातो.