सहाव्या वर्षाची दाढ

दांत दुखूं लागला म्हणजे "दांताला कीड लागली" असें म्हणण्याचा मराठींत प्रघात आहे. एके काळीं हा नुसता शब्दप्रयोग नव्हता. दांतांत खरोखरच अळी शिरते व ती आंतून दांत पोखरते अशी समजूत होती, आणि म्हणूनच रिंगणीच्या बियांची धुरी तोंडांत घेऊन ती अळी बाहेर पाडण्याचा उपाय खेडोपाडीं चालत असे. बर्लिन येथें संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाचा तोंडांतील जंतूंवरील ग्रंथ १८९० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला आणि दांत किडण्याचें खरें कारण जगापुढें आलें. दांत पोखरणारी अळी नसते. तोंडांत वस्ती करून राहणारे सूक्ष्म जंतु अन्नांतील साखर खाऊन जें आम्ल तयार करतात, तेंच दांत विरघळवितें.

दांतावरील चकचकीत कवचास दंतवल्क म्हणतात. मनुष्याच्या शरीरांत त्याच्याइतकें कठीण द्रव्य दुसरें नाहीं. पण आम्लापुढें त्याचेंहि कांहीं चालत नाहीं. गोड पदार्थ तोंडांत पडल्यावर कांहीं मिनिटांतच आम्ल वाढूं लागतें व दंतवल्कांतील क्षार झिरपून बाहेर येतात. सुदैवानें लाळ हें नुकसान भरून काढीत असते. ती आम्लाचा जोर मोडते आणि गेलेले क्षार दांतास परत देते. मात्र त्या कामास तिला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून मुलानें किती साखर खाल्ली याबरोबरच ती किती वेळां खाल्ली हाहि महत्त्वाचा प्रश्न आहे. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म या संस्थेंत १९४५ नंतर जे प्रयोग झाले त्यांतून हेंच दिसून आलें. बुद्धिमांद्य असलेल्या रुग्णांना त्यांच्या संमतीवांचून चिकट टॉफ्या खाऊं घातल्याबद्दल ते प्रयोग पुढें निंद्य ठरले. तथापि जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षां दोन जेवणांच्या मध्यें वारंवार खाल्लेली चिकट साखर दांतांचा फार अधिक नाश करते, ही गोष्ट त्यांनीं निर्विवाद सिद्ध केली.

या दृष्टीनें आजच्या खेड्याकडे पाहिलें म्हणजे तेथील मुलांच्या दुखण्याचा उलगडा होतो. भाकरी, कालवण, शेंगदाणे, हंगामांतील बोरें व पेरू हा जेथें मुलांचा आहार होता, तेथें गोड हें सणावारापुरतें होतें. आतां सकाळीं उठल्याबरोबर मुलाच्या हातीं साखरेचा चहा व बिस्किट येतें. शाळेच्या वाटेवर गोळी, मधल्या सुटींत चॉकलेट, संध्याकाळीं पुन्हां चहा, आणि रडणाऱ्या तान्ह्यास गप्प करण्यासाठीं बिस्किटाचा तुकडा. एकेक वस्तु क्षुल्लक. पण लाळेला दिवसभर सवड मिळत नाहीं. २००२-०३ सालच्या राष्ट्रीय मुखारोग्य पाहणींत देशांतील पांच व बारा वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिकांचे दांत किडलेले आढळले. शहरांत निदान दवाखाना जवळ असतो. खेड्यांत दांत असह्य ठणकूं लागेपर्यंत कोणी तालुक्याची वाट धरीत नाहीं.

या दिरंगाईच्या मुळाशीं एक घरगुती वाक्य आहे: "दुधाचेच दांत ते, पडणारच आहेत!" या वाक्यानें जितके दांत गेले तितके साखरेनेंहि गेले नसतील. दुधाचे वीस दांत तीन वर्षांच्या आंत येतात आणि त्यांतील दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहावयाच्या असतात. त्या किडल्या म्हणजे मुलास भाकरी चावत नाहीं, रात्रीं झोंप लागत नाहीं व त्याचें वजन वाढत नाहीं. अकालीं पडल्या तर शेजारचे दांत रिकाम्या जागेकडे सरकतात आणि मागून येणारे कायमचे दांत वेडेवांकडे उगवतात.

याहून मोठा घात निराळाच आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागें, कोणताहि दांत न पडतां, एक नवी दाढ येते. ती जन्मभराची दाढ होय. दांत पडलेला नसल्यामुळें तिचें आगमन कोणाच्या ध्यानांत येत नाहीं आणि घरांतील सर्वजण तिला दुधाचीच समजतात. तिच्यावरील खांचा खोल असतात, त्यांत अन्न अडकतें, आणि शेजारीं किडक्या दाढा असतील तर ती लवकरच किडते. पुष्कळ मुलें नवव्या-दहाव्या वर्षीं ही दाढ गमावून बसतात. तिच्या जागीं दुसरी दाढ येत नाहीं.

दांत घांसण्याची चाल खेड्यांत नाहीं असें मुळींच नाहीं. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला व सर्व बाजूंनीं फिरविला तर दांत बऱ्यापैकीं स्वच्छ होतात. राखुंडीनें मात्र दंतवल्क झिजतें, आणि मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर देशांत १९९२ सालीं बंदी आली; परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीस कायदा काय करणार? आजी मशेरी लावते आणि नात तिच्याजवळ बसून तेंच शिकते. दांतास बळकटी देणारें फ्लोराइड काडींतहि नसतें व राखुंडींतहि नसतें. फ्लोराइडयुक्त पेस्ट सकाळीं व रात्रीं झोंपतांना लावणें हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तीन वर्षांच्या आंतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व पुढें वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गांवांच्या पाण्यांतच फ्लोराइड अधिक आहे, तेथें मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात. तेथें मात्र आधीं पाण्याचा बंदोबस्त व्हावयास हवा.

उपचारहि आतां पूर्वीइतके दुर्लभ राहिलेले नाहींत. हाताच्या हत्यारांनीं किडका भाग खरवडून तेथें ग्लास आयोनोमर नांवाचें सिमेंट भरण्याची पद्धति १९८५ च्या सुमारास टांझानियांत निघाली. तिला वीज लागत नाहीं, शाळेच्या बाकावरहि ती करतां येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथूनच झाला. त्यांत अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांची एकदां तपासणी योजलेली असून दांतांचाहि तींत समावेश आहे. परंतु तपासणीच्या दिवशीं मूल गांवांत असावें लागतें. बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघालेल्या कुटुंबांचीं मुलें कित्येक महिने फडावरच्या कोपींत असतात. ज्यांचे आईबाप साऱ्यांच्या साखरेसाठीं ऊस तोडतात, त्यांचीच दाढ बहुधा कोणी पाहत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं असें मानणें बरोबर होणार नाहीं. सुटींत गांवीं जातांना भाचरांसाठीं व शेजारच्या पोरांसाठीं चॉकलेटांचा पुडा शहरांतूनच जातो. त्याऐवजीं ब्रश व पेस्ट गेली, गोड द्यावयाचें तें जेवणाच्या पानावरच दिलें गेलें, आणि सहा वर्षांच्या मुलास उजेडांत उभें करून एकदां "आ कर" म्हटलें, तर पुष्कळ साधेल. अगदीं मागें नवी दाढ दिसली म्हणजे त्याच्या आईला एवढें अवश्य सांगावें कीं, ही दुधाची नव्हे, हिला साठ-सत्तर वर्षें काम करावयाचें आहे.