पिवळ्या पुस्तिकेपलीकडचा मलेरिया

हर्णे-दापोली पट्ट्यातून जहाजावर जाणाऱ्या खलाशाला पश्चिम आफ्रिकेसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूवालाच, इथे भरपूर आहे. म्हणून नियम कडक. लस निदान 10 दिवस आधी टोचावी लागते आणि 2016पासून तिचा पिवळ्या पुस्तिकेतला दाखला आयुष्यभर चालतो. मात्र तो खिशात आहे म्हणून निर्धास्त राहणं घातक आहे. तिकडचा मोठा मारेकरी फाल्सिपेरम मलेरिया, आणि पिवळ्या पुस्तिकेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘मलेरिया आम्हाला नवा नाही,’ असं कुणी म्हणेल. पण मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती अर्धवटच असते आणि संसर्ग थांबला की ओसरते. ‘बंदरात दोनच रात्री तर काढायच्या,’ हेही पटणारं नाही: मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस रात्रीच चावतो आणि एक चावा पुरतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सांगितलेले दिवस घ्यायच्याच. ताप डास चावल्यावर साधारण आठवड्याने किंवा त्याहून उशिरा, कित्येकदा घरी पोहोचल्यावर येतो. कोकणात पावसाळी तापाला आधी डेंग्यू, लेप्टो आठवतात. तेव्हा रुग्णानेच आफ्रिकेचं नाव सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. उपचार 24 तास लांबले तरी हा मलेरिया जिवावर बेतू शकतो.