जुन्या स्वयंपाकघरातील फरशीवर व्हिनाइल टाइल्स : बसवण्याआधी आणि बसवताना

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ या जुन्या वस्त्यांमधली घरे बहुधा लांबट, एकामागे एक खोल्यांची. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, परसाला लागून. खाली शहाबादी फरशी, लाल रंगाचा कोबा किंवा नंतर कधीतरी घातलेल्या मोझॅक टाइल्स. चाळीस-पन्नास वर्षांच्या वापराने शहाबादीच्या दरजा उघड्या पडतात, कोब्याला खड्डे पडतात आणि मोझॅकवर तेलाचे डाग कायमचे बसतात. सगळे उखडायचे तर आठवडाभर चूल बंद, धुरळा घरभर आणि त्यात घरात कोणी दम्याचे किंवा अंथरुणाला खिळलेले असले तर तो विचारच नको. म्हणून हल्ली पुष्कळ घरांत मागे चिकट थर असलेल्या व्हिनाइल टाइल्स आणल्या जातात. कागद सोलायचा, चिकटवायचे, संध्याकाळी स्वयंपाक सुरू. दुकानदार असेच सांगतो आणि ते अर्धे खरे आहे.

या टाइल्सचा खरा फायदा जाडीत आहे. चांगली टाइल दीड ते दोन मिलिमीटर जाड असते. जुन्या फरशीवर नवी व्हिट्रिफाइड टाइल केमिकलने चिकटवायची तर जमीन बारा-पंधरा मिलिमीटर वर येते. मग दारे खालून तासा, उंबरठ्याचे काय करायचे ते ठरवा, आणि शेजारच्या खोलीशी जो लहानसा टप्पा तयार होतो त्यालाच नेमके वयस्कर माणसांचे पाय अडखळतात. व्हिनाइलमध्ये हा त्रास नाही. शिवाय थंडीत पायाला शहाबादीइतकी गार लागत नाही, हे गुडघेदुखी असलेल्यांना लगेच जाणवते. बाजारात अर्ध्या मिलिमीटरचे पातळ स्टिकरही याच नावाने विकतात. ते भिंतीला ठीक. जमिनीवर त्यांतून खालची प्रत्येक दरज उठून दिसते आणि ओट्यापुढची रोजच्या पायाखालची जागा लवकर घासून जाते.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे ओल. जुन्या घरांत तळमजल्याची फरशी बहुतेक वेळा मुरूम आणि मातीच्या भरावावर सरळ बसवलेली असते. खाली प्लास्टिकचा किंवा डांबराचा थर नसतो. जमिनीतली ओल वाफेच्या रूपाने सतत वर येते, दरजांमधून निघून जाते आणि आपल्याला कळतही नाही. फार झाले तर पावसाळ्यात फरशी चिकट वाटते, भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागतो. यावर व्हिनाइल घातले की वाफेची वाट बंद होते, कारण व्हिनाइलमधून पाणी जात नाही. ओल टाइलखाली साचते, सिमेंटमधला क्षार तिच्यात उतरतो आणि त्या खारट ओलीत चिकट थर मऊ पडतो. आधी कडा उचलतात, मग सांध्यांतून काळपट चिकटा वर येतो आणि पुढच्या पावसात सगळ्या खोलीला कुबट वास. टाइल महाग घेतली म्हणून हे टळत नाही.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या. तसाच सोळा तास, म्हणजे एक रात्र आणि वर थोडा वेळ, राहू द्यायचा. उचलताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालची फरशी आजूबाजूच्यापेक्षा गडद झाली असेल तर जमीन ओली आहे. एकाच ठिकाणी करून भागत नाही. मोरीजवळ, परसाकडच्या भिंतीजवळ आणि खोलीच्या मध्यावर अशा तीन ठिकाणी करावी. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला खालून ओल येत नाही, तिथे फक्त मोरीचा आणि नळाचा झिरपा तपासला तरी पुरते.

आपल्याकडे अशी कामे दिवाळीच्या आधी काढायची पद्धत आहे. तळमजल्याच्या फरशीसाठी तो सर्वांत वाईट काळ. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, परतीच्या सरी कधीकधी चालूच असतात आणि जमीन आतून भिजलेली असते. हे काम संक्रांतीनंतर काढून पाडव्याच्या आत उरकावे. मात्र उन्हाळ्यातली कोरडी परीक्षा बघून फसू नये. ज्या घरात आषाढात फरशीला पाणी सुटते, भिंतीला दरवर्षी लोणा येतो, तिथे फेब्रुवारीत प्लास्टिक कोरडे निघाले तरी माझे मत स्पष्ट आहे: तिथे व्हिनाइल घालू नये. त्या पैशात दरजा भरून शहाबादीला पॉलिश करून घ्यावे.

आणखी एका प्रकारच्या घरात हात आवरावा. काही घरांत जुनी नक्षीची सिमेंट टाइल किंवा आरशासारखा लाल कोबा अजून शाबूत आहे. वर चिकटवलेले व्हिनाइल पुढे काढता येते, पण चिकटा त्या सच्छिद्र पृष्ठभागात मुरतो. काढताना वापरलेले थिनर त्याला आणखी आत नेते. शहाबादीवरून तो खरवडून निघेल, नक्षीवरून निघत नाही. भाड्याच्या घरात तर मालकाला विचारल्याशिवाय हा उद्योग करूच नये. आणि जुन्या क्वार्टरमध्ये कधीकाळी बसवलेल्या, आता ठिसूळ झालेल्या प्लास्टिकसारख्या टाइल्स खाली असतील तर त्या घासू किंवा फोडू नयेत. त्या काळच्या काही टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

जमीन कोरडी निघाली तर पुढचे काम सफाईचे. अर्धे यश इथेच असते. स्वयंपाकघराच्या फरशीत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, आणि लाल कोबा चमकावा म्हणून त्यावर खोबरेल तेल किंवा मेण चोळायची चालही पुष्कळ घरांत होती. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने दोनदा घासावे, आणि नंतर साध्या पाण्याने तितक्याच निगुतीने दोनदा धुवावे, कारण सोड्याचा अंश राहिला तर तोही चिकट थराचा शत्रू. वाळल्यावर कोब्यावर पाण्याचे थेंब टाकून बघावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, पसरून मुरले तर काम झाले. गुळगुळीत पॉलिशच्या दगडावर ही खूण चालत नाही. त्यावर साठ-ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर फिरवून चकाकी मारावी. थिनर किंवा रॉकेल वापरायची वेळ आली तर गॅस बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, देवघर तिथेच असेल तर समईही शांत, आणि दारे-खिडक्या उघड्या.

नंतर दरजा. दोन मिलिमीटरच्या टाइलखालचा खळगा आज दिसला नाही तरी महिन्याभरात दिसू लागतो, कारण व्हिनाइल हळूहळू खालच्या आकारावर बसत जाते. शहाबादीच्या दरजा भरण्यासाठी गवंडी हमखास भिंतीची पुट्टी सुचवतो, कारण ती उरलेली असते. ती नको. पायाखाली तिचा चुरा होतो. सिमेंटमध्ये लॅटेक्स घालून केलेला लेप किंवा तयार लेव्हलिंगचे मिश्रण वापरावे. आधी दरजा भराव्यात, त्या वाळल्यावर सगळ्या जमिनीवर पत्र्याच्या पट्टीने पातळ हात फिरवावा. दोन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली असता खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. पिशवीवर वाळण्याचा जो वेळ दिला असेल तो पूर्ण द्यावा. त्यानंतर बारीक घासून, धूळ ओल्या फडक्याने टिपून, फरशीसाठीचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर एक हात. सिमेंटच्या लेपावर प्रायमरशिवाय टाइल चिकटवली तर ती धुळीला चिकटते, जमिनीला नाही.

टाइल्सची संख्या सोपी. दहा फूट बाय आठ फूट खोलीला एक फुटी टाइल्स ऐंशी, काटछाटीसाठी दहा टक्के धरून अठ्ठ्याऐंशी. वर दहा-बारा जास्त घेऊन पलंगाखाली सपाट ठेवून द्याव्यात, कारण पुढच्या खेपेला तोच रंग मिळत नाही. सगळ्या खोक्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना, तेही बघावे. खोकी बसवण्याआधी एक-दोन दिवस त्याच खोलीत ठेवावीत.

आखणीच्या वेळी भिंतींवर विश्वास ठेवू नये, जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून दोरीने दोन रेषा माराव्यात. एका रेषेवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून तिरका मोजावा, तो बरोबर पाच फूट आला पाहिजे. मग कागद न सोलता टाइल्स मांडून बघाव्यात. समजा खोली दहा फूट चार इंच आहे. मध्यरेषेवर सांधा घेतला तर दोन्ही भिंतींशी दोन-दोन इंचांच्या पट्ट्या उरतात, त्या दिसायला वाईट आणि सुटायला पहिल्या. तीच मांडणी सहा इंच सरकवली की मध्ये नऊ पूर्ण टाइल्स आणि कडेला आठ-आठ इंच. स्वयंपाकघरात नजर ओट्याच्या पायावर जाते, म्हणून खोली वाकडी असेल तर रेषा ओट्याशी समांतर धरावी आणि वाकडेपणा फ्रिजमागे लपवावा.

टाइलच्या मागे बाण असतात, ते एका दिशेला ठेवायचे किंवा आलटून पालटून, हे खोक्यावर लिहिलेले असते. एक कड शेजारच्या टाइलला भिडवून मग बाकीची टाइल खाली सोडावी. चिकटल्यावर सरकवायचा प्रयत्न केला तर सांध्यात चिकटा येतो. मग दाब. मोठा रोलर नसेल तर घरातले जाड लाटणे अंगाचा भार देऊन मध्यापासून कडेकडे फिरवावे. हे काम कोणी मन लावून करत नाही, आणि कोपरे तिथेच सुटतात. कापताना धारदार कटरने पट्टीच्या आधाराने वर चीर पाडून टाइल मोडावी. नळाच्या पाइपाभोवती आधी जाड कागदाचा नमुना कापून घ्यावा. मोरीत व्हिनाइल नाहीच. मोरीच्या कट्ट्याशी आणि सिंकखालच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ मारावी.

यानंतर घरातल्या सवयी बदलाव्या लागतात, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगितलेले बरे. बादलीभर पाणी ओतून फरशी धुणे बंद, ओले फडके पिळून पुसायचे. पहिले चार-पाच दिवस तेही जपून. गरम कुकर, कढई, तवा जमिनीवर थेट ठेवायचा नाही. व्हिनाइल उष्णतेने मऊ होते आणि गोल खूण कायमची राहते, खाली पाट किंवा चुंबळ हवी. खाली बसून कुटणारे असतील तर खलबत्त्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो कडेवर फिरवत नेला की टाइल चिरते, म्हणून ट्रॉली घ्यावी. फ्रिज हलवताना खाली प्लायवूड. रबराच्या पायपुसण्याने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही, सुती पायपुसणे वापरावे. तेल सांडले तर लगेच साबणाने पुसावे, कारण गुळगुळीत व्हिनाइलवर तेल आणि पाणी एकत्र आले की शहाबादीपेक्षा जास्त घसरते. टाइल निवडतानाच थोडी खरखरीत घ्यावी, रंग दुय्यम.

एखादी टाइल बिघडलीच तर केस वाळवायच्या ड्रायरने ती गरम करावी, कोपऱ्याखाली पातळ पट्टी घालून उचलावी, खालचा चिकटा खरवडून काढावा आणि पलंगाखालची जादा टाइल तिथे बसवावी. अर्ध्या तासाचे काम आहे.